अळकुड्या आणि बटाटे

परवा सातवीच्या वर्गात मी बेधडक सांगून बसले, बटाटा नि अळकुडी म्हणजे मुळं! घरी आले तर सासूबाई परसात अळकुड्या उकरत होत्या. “अगं, मुळाला कधी असे डोळे फुटतात का?” त्या म्हणाल्या. खरंच की! दोन्ही जमिनीखालची खोडंच. मी बी.ए., त्या चौथी शिकलेल्या.

बटाटा पोर्तुगीजांबरोबर आलेला पाहुणा, नावही त्यांच्याकडचंच. अळू मात्र आपल्याकडे फार जुनं. अळूच्या पानांचं फतफतं होतं. बटाट्याचा पाला विषारी. पण बटाट्याने हात खाजत नाहीत! अळकुडीतल्या सुयांसारख्या स्फटिकांनी माझे मनगटापर्यंत खाजले. सासूबाईंनीच खोबरेल चोळलं. “आधी तेल लावावं, नि शिजवताना आमसूल विसरू नये.”

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. एक मुलगी म्हणाली, “बाई, आता आजींनाच आणा!”