गायकाआधीची टाळी

जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदाला सर्वांत उत्स्फूर्त टाळी गाण्याच्या शेवटी मिळत नाही. ती पडते गायकाने तोंड उघडण्याआधी. ग्लासवर चमचा किणकिणतो, मागोमाग गिटार येते आणि ‘यादों की बारात’मधलं गाणं नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेला कळलेलं असतं. शब्द अजून एकही आलेला नसतो. ‘आराधना’तल्या अकॉर्डियनचंही तसंच. ‘नागिन’ची बीन वाजली की आजोबा नि नात दोघांच्याही माना डोलू लागतात.

मला ही टाळी फार मोलाची वाटते. गायक, गीतकार, पडद्यावरचा नट यांच्या आधी श्रोत्यांनी कुणाला तरी दाद दिलेली असते. कुणाला, हे मात्र सभागृहात फार थोड्यांना ठाऊक असतं. ‘नागिन’मधला (१९५४) तो नाद बिनेचा नव्हेच. कल्याणजींनी तो क्लॅव्हायोलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्यातून काढला होता, सोबत हार्मोनियमवर रवी होते. ‘आराधना’तलं (१९६९) अकॉर्डियन केर्सी लॉर्ड यांचं. पुढे स्वतः संगीतकार झालेल्यांची नावं लोकांपर्यंत पोचली. बाकीच्यांची रेकॉर्डच्या वेष्टनावर सहसा नसतच.

त्या काळी प्रत्येक वाद्य वेगळं ध्वनिमुद्रित करून मागाहून जोडण्याची सोय नव्हती. ताडदेवचं फिल्म सेंटर असो की महालक्ष्मीचं फेमस, व्हायोलिनचा ताफा, ढोलक, बासरी आणि गायक सगळे एकाच वेळी वाजवत-गात. कुणाचा एक सूर घसरला की साऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. म्हणजे ते गाणं मुळात मैफलच होती, समोर श्रोते तेवढे नव्हते. टेक ओके झाला की वाद्य पेटीत घालून पुढचा स्टुडिओ गाठायचा. त्या मैफलीची राहिलेली टाळी आज, इतक्या वर्षांनी, भलत्याच वादकांसमोर पडते आहे.

या ताफ्यांत गोव्याची माणसं पुष्कळ होती. चर्चच्या शाळांत लहानपणीच पाश्चात्य स्वरलेखन शिकल्यामुळे कागदावरची सुरावट बघताक्षणी वाजवणं त्यांना जमे. शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा त्यांतलेच. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात शंभरावर वादकांचा वृंद उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यात गायला लावलं. स्टुडिओत लपलेली माणसं त्या दिवशी लोकांना प्रत्यक्ष दिसली. संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या या गुरूचं नाव ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात अजरामर केलं, पण ते ऐकून ठेका धरणाऱ्या किती जणांना या नावाचा खराखुरा माणूस होता हे माहीत असेल?

आजच्या वाद्यवृंदाच्या मध्यंतरात हमखास ऐकू येणारी दाद म्हणजे ‘अगदी रेकॉर्डसारखं वाजवलं!’ काही जाणकारांना ती खटकते, त्यात त्यांना नक्कल दिसते. मला तसं वाटत नाही. हाच श्रोता शास्त्रीय मैफलीत ऐकलेल्याच बंदिशीतून काहीतरी नवं निघावं म्हणून कान टवकारून बसतो. इथे मात्र दोन कडव्यांमधला बासरीचा तुकडा जरा हलला तरी तो अस्वस्थ होतो, कारण तो तुकडा त्याला मुखड्याइतकाच पाठ आहे. वाद्यरचना करणाऱ्या अरेंजरला याहून मोठी पावती कोणती मिळणार?

म्हणूनच सगळी व्हायोलिनं एका कीबोर्डातून काढली जातात तेव्हा वाईट वाटतं. लोक टाळ्या वाजवतात, पण आठ-दहा गज एकदम वर उठताना दिसले की खुर्च्यांत जी हालचाल होते, ती तेव्हा होत नाही. त्या काळचे नोटेशनचे कागद बहुतेक राहिलेले नाहीत. आजची पोरं ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून एकेक पीस उतरवून घेतात. त्यासाठी त्यांनी घातलेल्या रात्री निवेदक कधी सांगत नाहीत.

त्यांनी सांगावं. गाण्याआधी चित्रपट, संगीतकार आणि नायक-नायिका यांची नावं येतातच. त्यांच्या जोडीला मूळ तुकडा कुणी वाजवला आणि आज कोण वाजवतंय, एवढी दोन नावं घ्यायला दहा सेकंद लागतात. मुंबई-पुण्यात जुन्या वादकांनाच मंचावर बोलावणारे कार्यक्रमही झाले. मनोहारी सिंह सॅक्सोफोन घेऊन उभे राहत तेव्हा लोक गायकाची वाट पाहत नसत, त्यांच्याचकडे वन्स मोअर मागत.