चड्डीवरचा डेनिस आणि तळ्यातलं वादळ

तळ्यात जहाजं बुडतात! एकदोन नाही, हजारो! त्यांत काही तर सहाशे-सातशे फूट लांबीची, पोलादी, वर कप्तान आणि स्वयंपाकी आणि रडार असलेली जहाजं, आणि बुडतात कुठे, तर गोड्या पाण्यात! तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं? मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीत?

एक सांगून ठेवते. मला जहाजांतलं काहीही कळत नाही. पोहता येत नाही. माझा दर्यावर्दी अनुभव म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच, तीही डोळे मिटून. तेव्हा खाली जे येणार आहे ते एका अडाणी बाईचं उतू जाणं आहे. घरात आता कुणी ऐकून घेत नाही. नवरा 'नोव्हेंबर' हा शब्द ऐकला तरी उठून गॅलरीत जातो. म्हणून तुम्ही. बसा!

मोबाइल काढा. नकाशा उघडा. अमेरिका आणि कॅनडाच्या मधोमध पाच निळे डाग दिसतात? सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी, ऑन्टारियो. पाचांचं मिळून क्षेत्रफळ सुमारे २,४४,००० चौरस किलोमीटर! आपला अख्खा महाराष्ट्र ३,०७,००० चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे पाऊण महाराष्ट्राहून जास्त जागेत नुसतं पाणी! सुपीरियर तर एके ठिकाणी ४०६ मीटर खोल आहे. याला तळं म्हणायचं धाडस कुणी केलं?

आता बोट ठेवा सुपीरियरच्या पश्चिम टोकाला, डुलुथवर. इथल्या मिनेसोटाच्या खाणींमधलं लोहखनिज जहाजात भरायचं आणि तळ्यातळ्यांतून खाली शिकागोकडच्या, क्लीव्हलंडकडच्या पोलाद कारखान्यांना न्यायचं, हा इथला शंभर वर्षांहून जुना धंदा. त्यासाठी जहाजंही खास बांधलेली. लांबलचक, अरुंद, पुढच्या टोकाला कप्तानाची खोली, मागच्या टोकाला इंजिन, आणि मधे सगळा माल. हिवाळ्यात पाणी गोठतं, वाहतूक बंद पडते, म्हणून बंद होण्याआधी अजून एक फेरी, अजून एकच फेरी, असं करत सगळे नोव्हेंबरातही ओढत राहतात, आणि मग उत्तरेकडून बर्फगार हवा खाली उतरते आणि तळ्याचं पाणी अजून उन्हाळ्याची ऊब धरून असतं आणि मग जी वादळं होतात, ती होतात! शिवाय या तळ्यांतल्या लाटा समुद्रासारख्या ऐसपैस नसतात म्हणे. आखूड, उभ्या, एकीच्या पाठीवर दुसरी. जहाजाचं एक टोक एका लाटेवर, दुसरं दुसरीवर, आणि मधलं पोट अधांतरी! किंवा उलट, पोट लाटेवर आणि दोन्ही टोकं लोंबकळत! रात्रभर! सहाशे फूट पोलाद वर-खाली वाकतंय!

आणि इथे येतो माझा डेनिस.

डेनिस हेल. वय २६. 'डॅनियल जे. मॉरेल' नावाच्या जहाजावर पहारेकरी. जहाज १९०६ सालचं, म्हणजे डेनिसच्या आजोबांच्या वयाचं! १९६६ चा नोव्हेंबर, हंगामातली अखेरची फेरी, आणि ऐका, या पठ्ठ्याचं बफेलो बंदरात जहाज चुकलं होतं! एका सोबत्याबरोबर सुट्टीवर गेला आणि परत येईपर्यंत जहाज निघून गेलेलं! आपण काय केलं असतं? घरी जाऊन झोपलो असतो. या दोघांनी खटपट करून जहाजाला पुढे गाठलं, विंडसरपाशी, जिथे ते कोळसा भरायला थांबलं होतं. धावत जाऊन पकडलं! मी हे वाचताना मोठ्यांदा "अरे नको रे!" म्हणाले. १९६६ मधल्या माणसाला!

मग २९ नोव्हेंबर, पहाटे दोनच्या सुमारास, ह्युरॉन तळ्यात, वीस-पंचवीस फुटी लाटांमध्ये मोठा आवाज झाला आणि डेनिस जागा झाला आणि पुढच्या भागातले दिवे गेलेले आणि अंधारात त्याने पँट शोधली आणि ती सापडली नाही आणि मग त्याने हाताला आलेला जाड कोट चढवला, त्यावर लाइफ जॅकेट बांधलं आणि चड्डीवरच डेकवर धावला! नोव्हेंबरात! चड्डीवर! डेकवर पाहतो तर जहाज मधोमध फाटत चाललंय. पत्रा फाटताना ठिणग्या उडताहेत. विजेच्या तारा तुटल्या म्हणून पुढच्या भागातला रेडिओ मुका. मदतीची एक हाकसुद्धा बाहेर गेली नाही.

डेनिस आणि पुढच्या भागातले बाकीचे लोक तिथे ठेवलेल्या तराफ्यात जाऊन बसले. बुडणाऱ्या जहाजावरून आपोआप पाण्यात उतरायची वाट बघत! आणि मग कुणीतरी ओरडलं की जहाज येतंय! दिवे दिसले! वाचलो! आणि मग कळलं की ते दुसरं कुठलं जहाज नाहीच. ते यांचंच मागचं अर्धं जहाज आहे! इंजिन मागे, दिवे मागे, आणि ते अजून चालूच! अर्धं जहाज, पुढे उघडं भगदाड, आत दिवे लखलखीत, आणि ते ढकलत, धडका देत यांच्या बाजूने निघून गेलं अंधारात! पुढे ते तळाशी सापडलं, तर पुढच्या अर्ध्यापासून पाच मैलांवर! पाच मैल! बिनतोंडाचं!

मी इथे पाणी प्यायला उठले. तुम्हीही उठा हवं तर.

मग एका लाटेने सगळ्यांना उडवलं. डेनिस पाण्यात पडला, वर आला, तराफा दिसला, चढला. तराफ्यावर पोचले चौघे. सकाळपर्यंत दोघे गेले. दुपारी तिसरा गेला. आणि डेनिस तिथेच, तिघांच्या मधे आडवा, ओला, चड्डीवर, आणि कुणी शोधायला येत नाही, कारण कुणाला पत्ताच नाही! मॉरेल रेडिओवर बोलत नाही म्हणजे कुठेतरी आडोशाला थांबलं असेल, असं सगळे समजत राहिले. जहाज बेपत्ता असल्याची खबर दिली गेली दुसऱ्या दिवशी दुपारी! ३८ तास! अडतीस! हेलिकॉप्टर आलं तेव्हा डेनिसला हात वर करता आला, एवढंच.

मधे एक गोष्ट घडली ती मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. तहानेने तो कोटावर साठलेला बर्फ खात होता. तेव्हा त्याला एक पांढऱ्या केसांचा, पांढऱ्या मिशांचा म्हातारा दिसला, आणि तो बोट दाखवून त्याला रागावला की कोटावरचा बर्फ खाऊ नकोस! आता हे कोण होतं, डोकं थंडीने बधिर झाल्यामुळे दिसलं की आणखी काही, यावर मी मत देणार नाही. पण सल्ला बरोबर होता हो! अशा वेळी बर्फ खाल्ला तर अंगातली उरलीसुरली ऊब जाते!

सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी निवडायची भाजी बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "अगं, मग त्या पोराला पँट दिली का कुणी?"

जहाजावर होते २९. वाचला एक. डेनिसला पुढे कित्येक वर्षं याबद्दल बोलवत नव्हतं. मग तो बोलू लागला, पुस्तक लिहिलं, आणि २०१५ साली वारला. म्हणजे परवापरवापर्यंत हा माणूस होता! मी त्याला पत्र लिहू शकले असते!

चौकशीत निघालं ते असं. जुन्या जहाजांचं पोलाद, साधारण १९४८ च्या आधीचं, थंडीत ठिसूळ व्हायचं. वाकायच्या ऐवजी फ्रिजमधल्या चिक्कीसारखं तुटायचं! आणि आता धरा खुर्ची. मॉरेलचं एक जुळं जहाज होतं, 'एडवर्ड वाय. टाउनसेंड'. त्याच रात्री, त्याच वादळात, मागेच काही मैलांवर! ते कसंबसं पोचलं आणि बघतात तर डेकला भेग! भंगारात काढलं. १९६८ साली ओढत स्पेनला नेत होते, तर अटलांटिकमध्ये वादळ आलं आणि तेही मोडलं. दोन तुकडे! जुळ्याला जुळ्याचंच मरण!

बरं, अशी गत आधीही झाली होती. १९५८, मिशिगन तळं, १८ नोव्हेंबर (बघा, पुन्हा नोव्हेंबर!), 'कार्ल डी. ब्रॅडली'. ३५ जण, परतीच्या वाटेवर, रिकामं जहाज. मोडलं. वाचले दोघे, फ्रँक मेज आणि एल्मर फ्लेमिंग, रात्रभर, सुमारे पंधरा तास तराफ्यावर. बुडालेल्यांपैकी २३ जण रॉजर्स सिटी या एकाच छोट्या गावचे. दोघेही म्हणत राहिले की आम्ही जहाज दोन तुकडे होताना पाहिलं, आणि मालकांच्या बाजूने झालेल्या पाहणीत मात्र म्हटलं होतं की ते तळाशी अखंड पडलंय! अखंड! शेवटी १९९७ साली पाण्याखाली कॅमेरा सोडला, मेज स्वतः वर बोटीवर हजर, आणि पडद्यावर काय? दोन तुकडे! एकोणचाळीस वर्षांनी! मी टाळ्या वाजवल्या. एकटीने. स्वयंपाकघरात.

तुम्हाला वाटेल, ही बाई 'एडमंड फिट्झगेराल्ड'बद्दल बोलतच नाही. बोलते ना! सगळ्यांत प्रसिद्ध तेच. ७२९ फूट, १० नोव्हेंबर १९७५, सुपीरियर, २९ जण, एकही वाचला नाही, मदतीची हाक नाही, संध्याकाळी सात वाजून गेल्यावर रेडिओवर शेवटचं बोलणं आणि मग रडारवरून नाहीसं. पुढच्या वर्षी गॉर्डन लाइटफूटने त्यावर गाणं केलं आणि ते जगभर गाजलं. माझी जरा कुरकुर आहे इथे. गाणं झालं म्हणून सगळे फिट्झगेराल्डच्या गूढावर वाद घालतात, आणि मॉरेल आणि ब्रॅडलीचं नाव कुणी घेत नाही, जिथे काय घडलं ते सांगायला जिवंत माणसं उरली होती! पण फिट्झगेराल्डच्या गोष्टीतलं एक पान मला फार आवडतं. मागून 'आर्थर एम. अँडरसन' नावाचं जहाज येत होतं. फिट्झगेराल्डचं रडार बंद पडलं होतं, तर हेच त्याला वाट सांगत होतं. ते स्वतः सुखरूप तळ्याच्या आडोशाच्या उपसागरात पोचलं. हुश्श! आणि तेवढ्यात तटरक्षक दलाने विचारलं, परत जाऊन शोधाल का? त्याच वादळात! कप्तान कूपर घाबरला होता, आणि ते त्याच्या बोलण्यात दिसतही होतं, आणि मग त्याने जहाज वळवलं! गेला!

अजून एक, मग सोडते. खरंच. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे असतात, ते या गोड्या, गार पाण्यात नाहीत. म्हणून शिडाची जुनी लाकडी जहाजं तळाशी जशीच्या तशी! 'कॉर्नेलिया बी. विंडिएट' १८७५ साली गहू घेऊन निघालं आणि गायब झालं. सगळे समजून चालले की मिशिगनमध्ये बुडालं. १९८६ साली सापडलं ते ह्युरॉनमध्ये! भलत्याच तळ्यात! डोलकाठ्या उभ्या, आणि शेजारी त्याची छोटी होडी! एकशे अकरा वर्षं! आणि १९१३ च्या नोव्हेंबरातल्या महावादळात, ज्यात अडीचशेच्या आसपास माणसं गेली, एक जहाज उलटं होऊन दिवसेंदिवस तरंगत राहिलं, पोट वर, आणि कुणाला कळेना हे कोणाचं! शेवटी पाणबुड्या खाली गेला आणि अक्षरं वाचून आला: 'चार्ल्स एस. प्राइस'!

नाही, हेही शेवटचं नाही, क्षमा करा, पेंटवॉटर राहिलं! नकाशावरचं बोट मिशिगन तळ्याच्या पूर्व किनाऱ्यावर न्या. ११ नोव्हेंबर १९४०. 'नोव्हाडॉक' नावाचं मालवाहू जहाज किनाऱ्याजवळ रुतून मोडलं. दोघे स्वयंपाकी वाहून गेले, बाकीचे आत थरथरत, आणि किनाऱ्यावर लोक उभे राहून बघताहेत, पण मधल्या लाटांमधून पोचायचं कसं? एक दिवस गेला, दुसरा गेला, सरकारी मदत पोचेना. आणि मग क्लाइड क्रॉस नावाच्या कोळ्याने आपली मासेमारीची बोट काढली, 'थ्री ब्रदर्स', एवढीशी, सोबत दोन गडी, आणि सरळ त्या फेसात घातली आणि मोडक्या जहाजाला नेऊन भिडवली आणि एकेकाला ओढून आत घेतलं, सतरा जण! सतराच्या सतरा! मासे आणायच्या बोटीत!