नदीच्या वळणावरचा विमानतळ

"अगं, विमानतळ इथे गावातच आहे, मग मला एवढ्या लांब का उतरवलंत?" कॅन्सस सिटीत आल्यावर दुसऱ्याच दिवशी बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी विचारलं. पुलावरून खाली मिझुरी नदीच्या वळणात धावपट्टी दिसत होती. इतिहासाच्या बाईंना असा प्रश्न विचारला की त्या स्वस्थ बसत नाहीत. चिरंजीवांना शाळेत सोडून आम्ही दोघं तिथेच गेलो.

ऑगस्ट 1927 मध्ये या विमानतळाचं उद्घाटन लिंडबर्गने केलं. अटलांटिक एकट्याने पार करून त्याला तीनच महिने झाले होते. पुढे टीडब्ल्यूएचं मुख्यालय इथे आलं. पण विमानं मोठी होत गेली, आणि इथे तर नदीचा वेढा आणि पलीकडे टेकडीवर उंच इमारती. धावपट्टी वाढवायची कुठे? 1972 मध्ये प्रवासी विमानं उत्तरेकडच्या नव्या विमानतळावर गेली.

"म्हणजे आपल्या जुहूसारखंच," बाबा म्हणाले. 1932 साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूलाच उतरले होते. पुढे प्रवासी विमानं सांताक्रूझला गेली. जुहूला आता हेलिकॉप्टरं.

मला वाटलं होतं, सगळं ओस पडलेलं असेल. पण शहराच्या मालकीचा हा विमानतळ चांगला जागा आहे. कंपन्यांची छोटी जेट, खासगी विमानं; आमच्यासमोरच एक इवलंसं विमान थोडं डगमगत उतरलं. शिकाऊ असावा बिचारा!

टीडब्ल्यूएच्या संग्रहालयात एक आजी माहिती सांगत होत्या. त्यांनी सहज विचारलं, "तू काय करतेस?"

सहा वर्षांत या प्रश्नाचं उत्तर माझं पाठ झालंय. व्हिसावर नोकरीची परवानगी नाही. "पूर्वी शिक्षिका होते. आता काही नाही."

बाबांचं इंग्रजी बेताचंच, पण ते मध्येच म्हणाले, "शी इज टीचर." आणि माझ्याकडे वळून मराठीत, "सकाळपासून मला शिकवतेच आहेस की!"

परतताना मी गाडीत फारसं बोलले नाही. त्या शनिवारी शेजारच्या दोन मुली आणि आमचे चिरंजीव यांना स्वयंपाकघराच्या टेबलाभोवती बसवलं आणि 'अ' गिरवायला घेतला. फी अर्थातच नाही. बाबा मागच्या खुर्चीत, वही घेऊन.

आता मुलं सात झाली आहेत. बाबा परत गेले, पण दर शनिवारी फोनवर हजेरी विचारतात.