लॅच उघडेना तेव्हा

आम्ही दोघेही कामाला, पाळ्या निरनिराळ्या. रात्रपाळी करून भोसरीहून घरी यावे, तर किल्ली आत आणि दार ओढल्याबरोबर लागलेले! लॅच आल्यापासून हे घरोघरी घडते. कुलूप फोडले की दिवसाचा पगार गेला. म्हणून आम्ही किल्ल्या बनवणाऱ्या मामांकडे बसून तारेने लॅच उघडायला शिकलो. शिकायला दारावरचे नव्हे, सुटे जुने कुलूप घ्यावे. कुदळवाडीत 2025 ची पाडापाडी झाली, त्याआधी ते तिथल्या भंगारात सहज मिळे.

लॅचमध्ये पिनांच्या जोड्या असतात, वर स्प्रिंगा. प्रत्येक जोडीचा सांधा आतल्या नळीच्या कडेशी आला की नळी फिरते. नवशिक्याचे बिघडते ते ताणात. पट्टी जोरात दाबली की साऱ्या पिना आवळल्या जातात. एखादी पिन जास्त वर गेली, तर तार कितीही हलवा, उपयोग नाही. ताण सोडावा, पिना टकटक खाली पडू द्याव्यात, पुन्हा सुरुवात करावी. तरीही फिरेना तर ताण उलट बाजूला देऊन पाहावा. धूळ बसली असेल तर खोबरेल घालू नये, चिकटा होतो. पेन्सिलीच्या शिसाची पूड बरी.

मामा बजावत, आपल्या वस्तीतल्या पोराच्या खिशात अशी तार सापडली तर त्याचे कोण ऐकणार? म्हणून मुलाला आम्ही शिकवतो ते चाळीच्या ओट्यावर, चारचौघांसमोर. शेजारचे दार उघडायचे असेल, तर घरधनीण स्वतः हजर असल्याशिवाय तारेला हात लावत नाही.