माझा भाऊ आणि शाळेची घंटा

मला एक धाकटा भाऊ आहे. तो आठ वर्षांचा असून आपल्याच शाळेत दुसरीत शिकतो. त्याला गावात येणाऱ्या सगळ्या एस. टी. गाड्यांच्या वेळा तोंडपाठ आहेत. पण त्याला नाव विचारले तर तो बोलत नाही, दुसरीकडेच बघतो. म्हणून काही मुले त्याला येडा म्हणतात. तो येडा नाही, हे सांगण्यासाठी मी हा लेख लिहीत आहे.

माझ्या भावाला स्वमग्नता आहे. आजीने आधी खूप अंगारे लावले. मग आईने त्याला जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, ही बाहेरची बाधा नाही. शिवल्याने होत नाही, आईबापांच्या चुकीने होत नाही. अशा मुलांच्या मेंदूची घडणच लहानपणापासून निराळी असते. त्यांना आवाज, उजेड, गर्दी कधीकधी फार लागते. हे ऐकून आजी म्हणाली, "मंग माझं लेकरू शहाणंच हाय की!"

आपल्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. ती ठणाणा वाजली की आपण खूश होतो. पण भावाच्या कानात ती खिळ्यासारखी जाते. गेल्या वर्षी तो घंटा झाली की रडत रडत रस्त्याकडे पळायचा. आण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या त्याला घरीच. गाडीखाली आला म्हंजे?" आई काही बोलली नाही, पण रात्री जेवली नाही.

मग तालुक्याहून विशेष शिक्षक आले. त्यांनी बाईंना युक्ती सांगितली. बाईंनी पुठ्ठ्यावर चित्रे काढली. प्रार्थना, वाचन, खिचडी, खेळ, घर. एक काम झाले की भाऊ ते चित्र उलटे करतो. पुढे काय होणार हे कळले की तो घाबरत नाही.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे. तो पाच मिनिटे एका जागी बसत नाही. तो मुद्दाम करत नाही. त्याला अतिचंचलता आहे, त्याचे लक्ष लवकर उडते. बाई त्याला एका वेळी एकच छोटे काम देतात आणि मधेच पाणी आणायला पाठवतात. घंटा वाजवायचे कामही त्यालाच दिले. तो घंटेच्या आधी दुसरीच्या दारात जातो आणि माझ्या भावाला पाच बोटे दाखवतो. पाच म्हणजे पाच मिनिटे. मग भाऊ वेळेवर आपणच कान झाकतो. आता तो पळत नाही. आण्णाही आता घरी ठेवायचे नाव काढत नाहीत.

सरकारने २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा केला. त्यात २१ प्रकार आहेत, त्यात स्वमग्नताही आहे. अशा मुलांना सगळ्यांबरोबर शाळेत शिकायचा हक्क आहे. दरवर्षी २ एप्रिलला जागतिक स्वमग्नता जागृती दिन असतो.

मित्रांनो, अशा मुलांना एकदम हात धरून ओढू नका. कानाशी ओरडू नका. एका वेळी एकच गोष्ट सांगा. उत्तर द्यायला थोडा वेळ द्या. आणि खेळताना त्यांना बोलवा. माझा भाऊ 'मला घ्या' म्हणत नाही, पण त्याला खेळायचे असते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी