लेकरू आधीच थंड होतं

जन्मताना गुदमरलेल्या बाळाचा मेंदू एकदम मरत नाही. प्राणवायू तुटला की काही पेशी लगेच जातात. श्वास सुरू झाल्यावर काही तास वरवर शांत असतात आणि मग दुसरा घाला येतो: झटके, सूज, उरलेल्या पेशींची पडझड. मधल्या वेळात, जन्मापासून सहा तासांच्या आत, बाळाचं शरीर 33-34 अंशांवर आणून 72 तास तसंच ठेवलं तर हा दुसरा घाला सौम्य होतो, हे 2005 पासून श्रीमंत देशांतल्या चाचण्या दाखवत होत्या. ते वाचून मी अक्षरशः हरखलो. गडचिरोलीत बालरोगतज्ज्ञ म्हणून अशी बाळं मी वर्षानुवर्षं नुसती पाहत आलो होतो.

थंड करणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं, म्हणून मी फ्रीजमधल्या जेलच्या पिशव्या वापरू लागलो. जोडीला फिनोबार्बिटोन, मॅग्नेशियम, कधी मॅनिटॉल. मेंदूवरचा घाला अनेक वाटांनी येतो, तेव्हा सगळ्या वाटा एकाच वेळी अडवाव्यात, असा माझा विचार होता. ऐकायला तो आजही पटतो.

डिसेंबरातल्या एका रात्री कोरची भागातून जीपनं एक बाळ आलं. पहिलटकरीण लवकर मोकळी व्हावी म्हणून कुणी तरी कळा वाढवायची सुई टोचली होती. त्या सुईनं कळांमध्ये उसंत राहत नाही आणि बाळाला वारेतून मिळणारा प्राणवायू जन्माआधीच तुटत जातो. बाळ रडलं नव्हतं. त्याला उलटं धरून पाठीवर चापट्या मारल्या गेल्या. मास्क लावून फुगा दाबणारं तिथं कुणी नव्हतं. साडीच्या तुकड्यात गुंडाळून, उघड्या जीपमधून ते माझ्यापर्यंत आलं तेव्हा पाचवा तास संपत आला होता.

मी घड्याळ पाहिलं. थर्मामीटर लावला नाही. सहा तास उलटायच्या आत पिशव्या लावायच्या, एवढंच डोक्यात होतं. दारात उभी असलेली आजी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, लेकरू आधीच थंड पडलं हाये जी, वरून बरफ काहून लावता?" मी तिला बाहेर बसायला सांगितलं.

तापमान मोजलं ते बऱ्याच वेळानं, नाडी मंदावल्यावर. ते 31 च्याही खाली होतं. पहाटे नाका-तोंडातून रक्त आलं. पिशव्या काढल्या, ऊब दिली, पण उपयोग झाला नाही. बाळ कशानं गेलं, मूळ इजेनं, गारठ्यानं, की मी दिलेल्या औषधांनी, हे मला सांगता येईना. चार गोष्टी एकदम केल्या की कोणती वाचवते आणि कोणती मारते हे कळायची सोय उरत नाही. बाळाच्या वडिलांना मात्र मी ठामपणे सांगितलं, "तुम्ही उशिरा आणलं."

2021 मध्ये 'हेलिक्स' चाचणीचे निष्कर्ष आले. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या मोठ्या रुग्णालयांत, नीट यंत्रं आणि अतिदक्षता विभाग असताना, 408 बाळांवर ती झाली होती. थंड केलेल्यांपैकी 42 टक्के बाळं दगावली, न केलेल्यांपैकी 31 टक्के. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या 500 बाळांच्या चाचणीत थंडाव्याच्या जोडीला एरिथ्रोपोएटिन देऊन पाहिलं. फायदा झाला नाही. गंभीर दुष्परिणाम वाढले. त्याआधी झेनॉन वायूची जोड देऊन पाहिलेल्या चाचणीतही मेंदूला लाभ दिसला नव्हता. ही जोड पुढे कधी तरी जमेल, जमावी असं मला मनापासून वाटतं. पण तिची परीक्षा चाचणीत व्हायला हवी होती. मी ती त्या बाळावर घेतली.

आणि उत्तर आमच्याच जिल्ह्यात होतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं 1990च्या दशकात 39 गावांतल्या आरोग्यदूत बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, पुढे फुगा आणि मास्कही त्यांच्या हाती दिला. घरच्या बाळंतपणांत गुदमरून होणारे मृत्यू तिथं जवळपास 65 टक्क्यांनी घटले. हा निकाल मला ठाऊक होता. तो जीव वाचवण्याचा आहे, मेंदूचं शास्त्र वेगळं, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. पहिल्या मिनिटातला श्वास, अंगाची बेताची ऊब, रक्तातली साखर, ताप चढू न देणं, झटके वेळीच थांबवणं: कोरचीपासून आमच्या दारापर्यंत पेलवणारी जोड हीच होती.

दोनेक वर्षांनी त्या गावच्या आशाताई भेटल्या. त्या आजीची सून, त्या बाळाची आई, पुन्हा गरोदर होती आणि घरचे दवाखान्याचं नाव काढू देत नव्हते. मी गावी गेलो. अंगणात त्या बाळाच्या वडिलांना म्हणालो, "उशीर तुमच्यामुळे झाला नव्हता. आणि आजी म्हणाली ते खरं होतं, मी ऐकायला हवं होतं." ते काही बोलले नाहीत. आजीनं विचारलं, "मंग या खेपेस सुई कोनी देनार नाही, हे कोन पाहीन?" आशाताई म्हणाल्या, "मी येतो ना संगं."

सून दवाखान्यात आली ती त्यांच्या शब्दावर.