माथेरानची बॅग

माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे गाड्या जात नाहीत. माझे गुडघे दुखरे, पण घोड्यावर बसायला मन धजेना. मुक्या जिवाला कशाला त्रास? म्हणून अमन लॉजहून छोट्या गाडीने माथेरान स्टेशन गाठलं आणि जवळच्याच हॉटेलात दोन दिवस राहिलो. जेवण सूर्यास्ताआधी मिळालं, चौविहार पाळला गेला. मी खूश!

निघताना स्टेशन दोन पावलांवर, तरी बॅग मला उचलेना. हमाल बाईंनी ती डोक्यावर घेतली, तशी त्यांची मान थरथरली. आत खाकरे, लाडू, चार जास्तीच्या साड्या! घोडा वाचवला, पण ओझं माणसावरच टाकलं की. बी.कॉम. होऊनही हा हिशेब चुकला. सांगितली ती मजुरी दिली, तरी चुटपुट लागली. अपरिग्रहावर इतकी प्रवचनं ऐकली, पण बॅग भरताना एकही आठवलं नव्हतं. आता दोन साड्या परत कपाटात ठेवते.